खिडकीजवळची खाट

तपाझोस नदीला त्या वर्षी पाणी जरा जास्तच चढलं होतं. सांतारेमच्या खालच्या गल्ल्यांत लोकांनी फळ्या टाकून वाटा केल्या होत्या आणि सरकारी रुग्णालयाच्या मागच्या फाटकाशी होड्या थेट येऊन लागत होत्या. पाणी चढलं की साप कोरडी जागा शोधत घरांत शिरतात, रोगी वाढतात, हे रुग्णालयाचे संचालक डॉक्टर ओस्मारिनो लोबातो यांना नवं नव्हतं. पण या खेपेला सर्पविषावरच्या औषधाच्या बाटल्या संपत आल्या होत्या आणि बेलेंहून साठा घेऊन निघालेली बोट वाटेत बंद पडली होती.

ओस्मारिनो मूळचे सर्जन. आता मात्र त्यांचा दिवस ऑक्सिजनची नळकांडी, जनरेटरचं डिझेल आणि बेलेंच्या साहेबांचे फोन यांतच सरायचा. स्वयंपाकघराच्या मागे, वॉर्डाच्या भिंतीला लागून दोन खोल्यांत झेनाइदे माउएसची प्रयोगशाळा होती, तिच्यासाठीही तेच भांडायचे. जंगलातल्या एका झाडाच्या सालीवर ती काम करत होती. सालीत अँटिऑक्सिडंट भरपूर होते, शिवाय जरारका सापाच्या विषातलं मांस विरघळवणारं विकर, म्हणजे एन्झाइम, ती साल रोखते, असं झेनाइदेला वाटत होतं. बाटल्या नेहमीच कमी पडणार, म्हणून हा खटाटोप.

एका सकाळी ती त्यांच्या दारात येऊन उभी राहिली. "डॉक्टर, माझ्या बश्या बघायला येता?"

बशीत दुधाळ थर असायचा. त्यावर विषाचा थेंब टाकला की विकर दूध खाऊन टाकायचं आणि तिथे काचेसारखं स्वच्छ गोल भोक पडायचं. सालीचा रस मिसळला की भोक लहान. त्या दिवशी एकाही बशीत भोक नव्हतं.

"मग अभिनंदन की!" ओस्मारिनो म्हणाले.

"कसलं अभिनंदन? या चार बश्यांत मी साल घातलेलीच नाही."

"विष शिळं झालं असेल."

"तेच विष विद्यापीठात नेऊन पाहिलं. तिथे बरोबर भोक पाडतं. इथे आणलं की गप्प बसतं."

ओस्मारिनो हसले. बाहेर पडताना स्वयंपाकीण दोना लिंदाउरानं त्यांना गाठलं. "डॉक्टर, यीस्ट कुठल्या स्वस्त दुकानातून आणता हो? पीठ मेल्यासारखं पडलंय. दोन दिवस झाले, पाव नाही, नुसत्या भाकऱ्या थापतेय." मग तिनं झाकण काढून एक ताट पुढे केलं. "आणि ही केळी. काल दुपारी कापलीत. बघा तरी."

फोडी पांढऱ्याशुभ्र होत्या. कडेलासुद्धा काळी रेघ नव्हती. ओस्मारिनोंनी एक खाल्ली. चव केळ्याचीच होती. "तुमच्या हाताचा गुण, दोना," असं म्हणून ते फोन घ्यायला धावले.

त्याच दुपारी एदिल्झा नावाची बाई सात वर्षांच्या मुलीला खांद्यावर टाकून मागच्या फाटकातून आत आली. तिचा परकर कमरेपर्यंत भिजलेला होता. मुलीचं नाव जासिआरा. घोट्याच्या वर दोन दात उमटले होते आणि पाय सुजून चकाकत होता.

"शेवटची बाटली सकाळीच गेली," परिचारिका वाल्देनिसे हलक्या आवाजात म्हणाली.

एदिल्झानं ते ऐकलं. तिनं ओस्मारिनोंची बाही धरली. "डॉक्टर, माझं हे एवढंच आहे हो. एवढंच."

वॉर्डात एकच खाट रिकामी होती, खिडकीजवळच्या खाटेशेजारची. खिडकीजवळ एक म्हातारी होती. वाहत आलेल्या होडीत ती कोळ्यांना सापडली होती. अंगावर जखम नाही, ताप नाही, शुद्धही नाही. नाडी इतकी सावकाश, की पहिल्या दिवशी वाल्देनिसेनं तिच्या नाकाशी आरसा धरला होता. तिला विचारायला कुणी आलं नव्हतं.

जासिआराला तिच्या शेजारी ठेवलं. ओस्मारिनोंनी पायावर पेननं सुजेची रेघ मारली आणि मनातल्या मनात पाय कुठून कापावा लागेल ते ठरवलं. अशा वेळी पाय कसा काळा पडत जातो, ते त्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं.

सूज त्या रेघेपुढे गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मुलगी उठून बसली आणि तिनं भाकरी मागितली.

झेनाइदेनं तिचं रक्त तपासलं. सांगायला आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. "विष आहे, डॉक्टर. जसंच्या तसं. रक्तात फिरतंय, पण काम करत नाही. माझ्या बश्यांत गप्प बसतं ना, तसं."

मग तिनं जे केलं ते भर दुपारी, सगळ्यांसमोर केलं. विषाचे थेंब टाकलेल्या बश्या फाटकापासून वॉर्डापर्यंत ओळीनं मांडल्या. फाटकाशी भोक मोठं होतं. स्वयंपाकघराशी वाटाण्याएवढं. वॉर्डाच्या दाराशी टाचणीच्या टोकाएवढं. दाराच्या आत काहीच नव्हतं.

शेवटची बशी तिनं खिडकीजवळच्या खाटेच्या पायथ्याशी ठेवली आणि दोन्ही हात मागे घेतले.

"झेनाइदे, तू शास्त्रज्ञ आहेस," ओस्मारिनो म्हणाले.

"म्हणूनच आधी बश्या मांडल्या," ती म्हणाली. "नाहीतर सरळ येऊन तुम्हाला सांगितलं असतं."

बेलेंहून फोन आला. ओळखपाळख नसलेले रोगी आश्रमात हलवा, खाटा मोकळ्या करा. ओस्मारिनोंनी सांगितलं, "बाई हलवण्याजोगी नाही." दुसरे साहेब ओरडले, तेव्हाही तेवढंच सांगितलं. मग त्यांनी सगळे सर्पदंशाचे रोगी त्या वॉर्डात आणले. रबर काढणारे आले, होडीवाले आले, एक धर्मगुरू आला. खाटा संपल्यावर भिंतीच्या कड्यांना झोळ्या टांगल्या. त्या पुरात एकही माणूस दगावला नाही.

कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं, तरी नातेवाईक म्हातारीच्या पायाशी फुलं ठेवू लागले. फुलं कोमेजत नव्हती, त्यामुळे ढीग वाढतच गेला. वाल्देनिसेला ती टाकवेनात. ओस्मारिनो चर्चला फक्त लग्नाला जाणारे गृहस्थ. तेही एका सकाळी फेरी संपल्यावर त्या खाटेशी थांबले आणि म्हणाले, "आभारी आहे, बाई." तिच्या पापण्या हलल्या नाहीत. पण इतकं मनापासून त्यांनी बऱ्याच वर्षांत कुणाचे आभार मानले नव्हते.

वाल्देनिसे त्यांच्या मागेच उभी होती. "एक बोलू, डॉक्टर? या वॉर्डात कुणाची जखम चिघळत नाही."

"देवाची कृपा."

"पण भरतही नाही. पाद्रीबाबांनी आल्यापासून दाढी केलेली नाही. गाल बघा त्यांचे."

ओस्मारिनोंनी पाहिलं. गाल गुळगुळीत होते. त्यांचा हात नकळत स्वतःच्या हनुवटीकडे गेला.

औषधाची बोट आली ती रविवारी दुपारी. खोकी उतरत असतानाच तिच्या मागून एक लांबट काळी होडी फाटकाशी लागली. तिच्यात दोन माणसं होती, एक वयस्क आणि एक तरुण. दोघांचे कपडे कोरडे होते.

"आमची आत्या तुमच्याकडे आहे," वयस्क माणूस म्हणाला.

नाव, गाव, कागद विचारायचं ओस्मारिनोंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी विचारलं नाही.

"सगळ्यांना औषध टोचून होईपर्यंत थांबाल?"

"थांबलोच आहोत," तो म्हणाला.

शेवटची सुई टोचली. मग ओस्मारिनोंनी स्वतः स्ट्रेचरचं एक टोक धरलं. म्हातारी पिसासारखी हलकी होती.

होडीत तिला नीट निजवल्यावर वयस्क माणसानं मान वर केली.

"तिच्या शेजारी कोण होतं?"

"एक लहान मुलगी. का?"

त्यानं तरुणाकडे पाहिलं. तरुणानं नजर पाण्याकडे वळवली.

"बरी होईल ती," वयस्क माणूस म्हणाला. मग वल्हं उचलत म्हणाला, "बरीच राहील."

होडी वळली. वल्ह्यांचा आवाज आला नाही.

आतून लिंदाउराची हाक आली. पीठ फुगून परातीबाहेर सांडत होतं. वॉर्डात एकाच वेळी सगळी फुलं माना टाकून काळी पडली होती. माणसं मात्र एकेक करून बरी झाली आणि आपापल्या पायांनी घरी गेली. जासिआरा आईचं बोट धरून गेली.

झेनाइदेच्या बश्यांत पुन्हा भोकं पडू लागली. साल थोडीफार काम करते, इतपत तिनं पुढे सिद्ध केलं. त्या पुरातल्या बश्यांबद्दल तिनं कुठेच काही लिहिलं नाही. ओस्मारिनो यथावकाश निवृत्त झाले. निरोप समारंभाला नदीच्या दोन्ही काठांवरून इतकी माणसं आली, की खुर्च्या बाहेर मांडाव्या लागल्या. कुणी कसावाचं पीठ आणलं, कुणी भाजलेला तांबाकी मासा. प्रत्येकाला त्यांचे हात हातात घ्यायचे होते. त्यांचे डोळे सारखे भरून येत होते.

गर्दीतून एक पांढऱ्या केसांची बाई पुढे आली. "ओळखलंत का, डॉक्टर? मी एदिल्झा. तुम्ही माझी पोर वाचवलीत."

"जासिआरा! कशी आहे ती?"

"देवाच्या आणि तुमच्या दयेनं छान आहे. शेजारणींच्या पोरी मोठ्या झाल्या, मानाउसला निघून गेल्या. कुणी फोनसुद्धा करत नाही. माझी आहे हो माझ्याजवळ." तिनं त्यांचा हात कपाळाला लावला. "रोज तुमचं नाव घेते मी."

तिच्यामागे, मिसरूड फुटलेला एक उंच मुलगा गुडघ्यावर बसून एका छोट्या मुलीच्या चपलेचा पट्टा लावत होता. मुलीनं तोल सांभाळायला त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता. ती ओस्मारिनोंकडे पाहून हसली.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

"हा होय?" एदिल्झा कौतुकानं म्हणाली. "हा तिचा धाकटा भाऊ."