श्वासघुमटाखाली चाळीस जणी

समाजमंदिरात चाळीस बायका होत्या, चार खाटा, चार श्वासघुमट आणि भिंतीवर एक घड्याळ. श्वासघुमट म्हणजे खाटेवर ओढायचं पारदर्शक झाकण. त्याखाली बाई वीस मिनिटं निवांत पडली, की तिने वापरलेल्या प्राणवायूवरून शरीराला जगायला रोज किती उष्मांक लागतात ते कळे.

"उपाशीपोटी यायला सांगितलंस," सत्तम्मा अक्का मोजणी घेणाऱ्या अनुराधाला म्हणाल्या, "ते काय आम्हाला नवीन?" बायका हसल्या.

गणवेश शिवणाऱ्या या बायकांच्या अक्का पुढारी. सात वर्षं मोर्चे काढून त्यांनी पालिकेकडून निर्वाह-वेतनाचा नियम मिळवला होता: वेतन शरीराच्या मोजलेल्या गरजेवर ठरेल. सध्याचं वेतन रोजचे अकराशे उष्मांक धरून ठरलेलं. चाळीस जणींची सरासरी वर गेली तर वेतन वाढेल, खाली आली तर घटेल. मालकांची लुडबूड नको म्हणून अक्कांनीच लिहून घेतलं होतं, की आकडा कुणी बदलायचा नाही आणि मोजणी अर्धवट राहिली तर नियम रद्द. मोजणीच्या यादीतही त्यांनी वस्तीतल्या सर्वांत गरीब बायका घेतल्या. ज्यांची ओढाताण जास्त, त्यांची गरज जास्त दिसणार.

नियमाचा मसुदा तपासून त्यावर सही केली होती शरीरशास्त्रज्ञ अनुराधा येमूलने. तिची आई याच वस्तीत कॉलर शिवायची.

बारा जणी झाल्यावर तिने कागद पालिकेच्या डॉ. बिराजदारांपुढे धरला. "सरासरी नऊशे नव्वद. यंत्र बिघडलंय का, सर?"

"सकाळी दोनदा तपासलंय. वर्षानुवर्षं अर्धपोटी राहिलं, की शरीर कंदिलाची वात उतरवावी तशी आपली आच उतरवतं. कमीत भागवायला शिकतं."

"मग ही त्यांची गरज नव्हे."

"नियमात गरजेची व्याख्या हीच आहे, येमूल. सही तुमची आहे."

तिने अक्कांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. "महिनाभर पोटभर जेवून मोजलं असतं, तर आकडा वर आला असता, अक्का."

"पोटभर जेवायला आधी पगार वाढावा लागतो, पोरी."

"मग थांबवू या."

"थांबवलं तर नियमच जातो. सात वर्षं गेलीत त्यात." अक्कांनी यादीकडे पाहिलं. "माझं नाव शेवटी आहे. मी दोन वेळा जेवते. बघू."

एकोणचाळीस जणींची सरासरी नऊशे शहाऐंशी आली. अक्कांनी चपला काढून खाटेखाली सारल्या आणि आडव्या झाल्या. अनुराधाने झाकण ओढलं. वीस मिनिटं घड्याळाकडे पाहत ती उभी राहिली.

सत्तम्मा गाजुल: नऊशे सहा.

चाळीस नोंदींची सरासरी: नऊशे चौऱ्याऐंशी. वेतनातली घट: साडेदहा टक्के.