अर्धं शटर

असाच बोचरा वारा होता त्या दिवशी. आभाळ सकाळपासून भरून आलेलं, पण थेंब नाही. जानेवारीतला शेवटचा मंगळवार. दार तेवढं लोटून घ्या रे पोरांनो, मग सांगतो. आमच्या ओळखीतल्या घड्याळजींच्या बाबतीत घडलेलं आहे हे.

त्यांचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. मदत मागणारा कुणीही आला, की पहिला त्यांच्यापुढे उभा राहायचा. कुणी अनाथाश्रमाचा डबा खुळखुळवत, कुणी आजारी बायकोचं नाव घेत. एकाचा तर सोमवारी डावा पाय प्लास्टरात होता, अन् गुरुवारी उजवा! त्याला घड्याळजींनी पकडलं, तेव्हापासून पारख करायचं काम गल्लीनं त्यांच्यावरच सोपवलं. माणूस खोटा वाटला, की ते शटर अर्ध्यावर ओढायचे. ते बघून अख्खी गल्ली हात आखडता घ्यायची.

समोरचा शिंपी चिडवायचा, "घड्याळजी, वर गेल्यावर देवालाही ओळखपत्र मागाल तुम्ही."

"मागीन की! तिथे तोतये नसतील कशावरून?"

त्या दुपारी एक माणूस आला. त्याचं बोट धरून एक लहान मुलगी.

"पोरीच्या काळजाला भोक आहे. ऑपरेशनला कमी पडतंय. जमेल ते द्या."

बापाच्या डोळ्यांत टिपूस नाही. तेवढ्यात भिंतीवरची सगळी घड्याळं एकदम वाजली आणि पोर खुदकन हसली.

"आजारी पोर अशी हसते होय?" घड्याळजी म्हणाले.

"तिला कळत नाही हो..."

शटर अर्ध्यावर आलं. बाप गल्लीभर फिरला. जो तो म्हणे, पुढे व्हा. पोरगी मात्र बापाचं बघून प्रत्येक दुकानापुढे आपलाही तळवा पसरत होती.

संध्याकाळी उशिरा दवाखान्यातली आया घड्याळाचा पट्टा बदलायला आली. "आज मन थाऱ्यावर नाही बघा," ती म्हणाली. "एक पोरगी गेली आत्ता. शेवटपर्यंत सांगत होती, आम्ही घड्याळांच्या दुकानात गेलो होतो, सगळी एकदम वाजली..."

घड्याळजींच्या हातातून चिमटा गळून पडला. गल्ल्यात होतं नव्हतं ते खिशात कोंबून ते धावत सुटले. बाप व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला होता. नोटांकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"खोटं नव्हतं हो आमचं," एवढंच म्हणाला. "तुमच्या गल्लीत सांगाल?"

"सांगतो. उद्या सकाळी सगळ्यांना सांगतो."

त्याच्याजवळ बसून राहिले. परतले तेव्हा अकरा वाजून गेले होते. गल्ली चिडीचूप. सगळी शटरं खाली. घाईत आपलं कुलूप लावलं की नाही, ते बघायला घड्याळजी वाकले...

थप.

मागे कुठेतरी. लहान तळव्यानं पत्र्यावर मारावं, तसं.

वळून पाहिलं. कुणी नाही.

थप... थप...

किराणा दुकानाच्या शटरवर. खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर.

पळावंसं वाटलं. पण पोरांनो, तो आवाज रागाचा नव्हता. कुणीतरी वाट बघतंय, असा होता.

ते जवळ गेले. आवाज थांबला.

त्या बंद शटरलाच म्हणाले, "खरं होतं त्याचं."

...

पुढच्या दुकानावर. थप.

"खरं होतं."

पुन्हा पुढे.

"खरं होतं हो..."

असं करत गल्लीचं टोक आलं. शेवटच्या शटरपाशी त्यांना रडू फुटलं. चूक माझी होती, म्हणाले. मग थाप नाही. काही नाही. घराकडे चालताना डावा खांदा तेवढा भरून आल्यासारखा जड.

सकाळी दुकानात आले तर सदरा त्या खांद्यावर ओला. तोंड उघडं टाकून झोपलेल्या मुलाची लाळ गळावी, एवढाच ओला. पुसला, वाऱ्याला धरला. वाळेना.

शिंपी आपल्या दुकानाच्या वरच राहायचा. तो चहा घेऊन समोर आला आणि जरा रागानंच म्हणाला, "काय हो घड्याळजी, एवढ्या गारठ्यात त्या पोरीला काय दुकानोदुकानी हिंडवत होतात रात्री? शेवटी तुमच्या खांद्यावर गाढ झोपली बिचारी. वेळेवर घरी तरी न्यायची तिला."