कोलशेतच्या माळावरची पहार

उद्या तुम्ही दोघं तार तपासायची गाडी घेऊन निघणार, म्हणून सांगतोय. एरवी मी ही गोष्ट काढत नाही. तानाजी, तो कंदील जरा बारीक कर, डोळ्यांवर येतोय. आणि ऑस्वल्ड, तू भुतंखेतं मानत नाहीस हे मला तीनदा सांगून झालंय. नको मानूस. मीसुद्धा मानत नव्हतो.

गोष्ट झेवियरची. ठाण्याच्या तारऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. तळ्यामागच्या ख्रिस्ती आळीतला, सरळ माणूस, कामाला वाघ. हल्ली वसईकडे भावकीची वाडी बघतो. तारेला हात लावत नाही. का लावत नाही, ते त्यानं मला स्वतः सांगितलंय, आणि थोडंफार माझ्याच टेबलावर घडलंय. तेव्हा ऐकीव म्हणू नका.

सन अठ्ठ्याऐंशी, मे महिन्याची अकरा तारीख, शुक्रवार. चैत्री अमावास्या. संध्याकाळी सातच्या सुमाराला घोडबंदराकडची तार मुकी झाली. सकाळच्या आत ती बोलती व्हायला हवी, असा वरून हुकूम. त्या वर्षी पटकीची साथ होती. ऑफिसातल्या सहा जणांपैकी तिघं अंथरुणाला खिळलेले, एक गेलेला. गेला तो पॉल, झेवियरचा थोरला भाऊ. तोही आमच्यातलाच, तारबाबू. त्याला जाऊन आठ दिवस झाले होते. उरलो मी आणि झेवियर. एकानं टेबल सांभाळायचं, एकानं गाडी घेऊन जायचं. मला अंधारात दिसत नाही हे साहेबांना ठाऊक होतं, म्हणून झेवियर गेला.

आणि त्याच दिवशी दुपारपासून त्याच्या बायकोला जुलाब-उलट्या सुरू झाल्या होत्या. क्लेमेंटिना तिचं नाव. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. झेवियर सुट्टी मागायला आला तेव्हा मी तिथंच होतो. सुट्टी मिळाली नाही. मग तो घरी गेला, धाकट्या बहिणीला, बिट्रिसला, वहिनीजवळ बसवलं आणि बजावलं की काही झालं तरी पाण्याचा थेंब द्यायचा नाही. तेव्हा सगळे तेच सांगत. पाणी पोटात गेलं की पटकी भडकते, म्हणत. पाण्याची कळशी त्यानं स्वतः उचलून बाहेर ओटीवर नेऊन ठेवली.

आता गाडीचं सांगतो, कारण ते नीट कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गाडीच्या दांडीला उंच बांबू उभा बांधायचा. वरच्या आकड्यानं खांबावरची तार धरायची, तिथून एक तार खाली यंत्राच्या पेटीत आणायची. पण एका तारेवर यंत्र बोलत नाही. त्याला जमीन लागते. गाडी पडली लाकडाची. चाकाला लोखंडी धाव असली तरी विजेला तिथून वाट मिळत नाही. म्हणून यंत्राची दुसरी तार पहारेला बांधून पहार जमिनीत ठोकायची. ओली जमीन असेल तर उत्तम. मे महिन्यात ओली जमीन कुठून आणणार? मग पहारेच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतायचं. ही आपली रीत. गाडीवान काळुराम दिवा गावचा, मिठागरात वाढलेला. त्यानं मिठागरातलंच पाणी मडकं भरून घेतलं होतं. असलं खारं की हाताला लागलं तर कातडी फुटावी.

साडेनऊला माजिवड्यापाशी त्यांनी पहिल्यांदा पहार ठोकली. माझं यंत्र वाजलं. तार तिथवर चांगली होती. काम झाल्यावर झेवियरनं तारेवर विचारलं, घरची काही खबर? मी शिपायाला पिटाळलं. तो धावत जाऊन आला. म्हणाला, बाई शुद्धीवर आहेत, सारखं पाणी मागतायत, ताई देत नाहीत, रडतायत दोघी. मी ते तसंच तारेवर घातलं.

उलट उत्तर आलं, ‘देऊ नका.’

मी ते उत्तर शिपायाबरोबर परत पाठवलं. मी. त्याचं मला आजही वाईट वाटतं, ते लपवत नाही.

पुढं दोन ठिकाणी त्यांनी पहार ठोकून पाहिली. नुसता मुरूम. पहार वीतभरसुद्धा जाईना. मडक्यातलं निम्मं पाणी ओतलं तरी यंत्र मुकंच. घरची खबर मिळेना म्हणून झेवियर कासावीस झालेला. असं करता करता ते कोलशेतच्या अलीकडच्या माळावर आले. खाडीचा वास येत होता, पण खाडी लांब होती. त्याच्या घड्याळात दोन वाजायला दहा मिनिटं होती.

काळुराम खाली उतरून पायानं जमीन चाचपत होता. रस्त्यापासून पंधरा पावलांवर थांबला. म्हणाला, “बाबू, आथं भुई मऊ हाय. आथंच ठोका.”

खरंच मऊ होती. हाताच्या दाबानं पहार कोपरभर आत गेली. एवढी मऊ जमीन त्या माळावर एकाच ठिकाणी का, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. तुमच्याही आलं नसतं. आपल्याला फक्त जमीन हवी असते. झेवियरनं तार बांधली. काळुरामनं मडकं कलतं केलं आणि उरलेल्यातलं अर्धं पाणी बुडाशी ओतलं. जमिनीनं ते घटाघटा घेतलं. एक थेंब वर राहिला नाही.

झेवियरनं ठाण्याला हाक दिली. थांबला.

यंत्र वाजलं.

कट्ट… कडकट्ट… कट्ट…

त्याला हायसं वाटलं. त्याला वाटलं, मीच बोलतोय. मग तो ऐकायला लागला आणि त्याच्या लक्षात आलं की हात माझा नाही. आपल्या धंद्यात हे समजतंच. चालीवरून माणूस ओळखावा तसा ठोक्यावरून बाबू ओळखू येतो. हा हात शांत होता. प्रत्येक दुसऱ्या अक्षरानंतर किंचित अडखळत होता. श्वास घ्यायला थांबल्यासारखा.

अक्षरं इंग्रजी, शब्द मराठी. आपण रात्री आपापसात गप्पा मारतो ना, तसं.

पा… णी.

पुन्हा. पा… णी.

झेवियरनं विचारलं, कोण बोलतंय? कुठून?

नुसतं पा… णी.

तेव्हा त्याला तो हात ओळखू आला. पॉलचा हात. बारा वर्षं तो हात आम्ही रोज ऐकला होता. आणि झेवियरनं तर तो शेवटी घरातही ऐकला होता. पॉलचा आवाज बसला होता, जीभ उचलत नव्हती, तेव्हा तो खाटेच्या लाकडावर बोट आपटून तारेच्या भाषेत हेच पाणी मागत होता. खोलीत दुसऱ्या कुणाला ते कळलं नाही. झेवियरला कळत होतं. रात्रभर कळत होतं. पटकी भडकेल म्हणून त्यानं दिलं नाही. पहाटे बोट थांबलं.

साथीतली प्रेतं तेव्हा गावात पुरू देत नव्हते. रात्री गाडी यायची, कोलशेतकडच्या माळावर न्यायची. घरच्यांनी मागं यायचं नाही. क्रूस नाही, खूण नाही. भाऊ कुठं पुरलाय हे झेवियरला माहीत नव्हतं.

आता झालं.

तो गाडीत बसल्या जागी बसून राहिला. काळुराम विचारतोय, बाबू काय म्हणतंय यंत्र? मग काळुरामला वाटलं जमीन पुन्हा सुकली असेल. बिचाऱ्याचा काही दोष नाही. त्यानं मडकं उचललं…

झेवियर ओरडायला गेला.

तोवर काळुरामनं उरलेलं सगळं पाणी ओतलं.

यंत्र वेडंपिसं झालं. अक्षरं नाहीत, शब्द नाहीत. नुसता कडकडाट. पेटी गाडीच्या फळीवर थडथडत होती. बैल जुवाखाली थरथर कापायला लागले. मग एकदम थांबलं.

थांबलं…

झेवियरनं यंत्राच्या चावीवर हात ठेवला. त्याला त्या क्षणी एकच सुचलं. क्लेमेंटिना. तिला पाणी द्यायला हवं, आत्ताच्या आत्ता. दादूसला, थोरल्या भावाला, दिलं नाही, तिला तरी द्यायला हवं. त्यानं ठाण्याला हाक दिली. मला. ‘पाणी द्या तिला. बिट्रिसला सांगा, पाणी द्या.’ दहादा, वीसदा.

मी टेबलावर जागा होतो. डोळा लागला नव्हता, शपथेवर सांगतो. माझं यंत्र हललं नाही.

त्यानं पहार उपटून दुसरीकडे ठोकली. मुरूम. आणखी दुसरीकडे. मुरूम. मिठाचं पाणी संपलेलं. त्या सबंध माळावर तारेला लागणारी जमीन एकच होती. तो परत तिथं आला. पहार त्याच भोकात घातली. बायकोसाठी घातली, दुसरा इलाज नव्हता. आणि मग त्यानं ठाण्याला हाक दिली नाही. खाली हाक दिली.

‘दादूस. लाइन सोड. क्लेमेंटिनाला पाणी द्यायचा निरोप जाऊ दे. तिला देऊ दे. दादूस, पाया पडतो.’

मग… अगदी हळू…

कट्ट… कडकट्ट…

‘कोण’… थांबून… ‘देतं’… थांबून… ‘पाणी.’

पुढं काही नाही. अडीच वाजले होते.

त्यानं सगळं तिथंच टाकलं आणि पळत सुटला. बैल जागचे हलेनात, म्हणून गाडी काळुरामवर सोडली. अंधार, अनवाणी, चपला कुठं पडल्या ते कळलं नाही. चार वाजता तो ऑफिसच्या दारात आला तेव्हा पायांतून रक्त येत होतं. त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला, “निरोप गेला का?”

मी म्हटलं, कसला निरोप?

त्याचा चेहरा मी विसरायचा म्हटला तरी विसरत नाही. दुसऱ्या दिवशी तार कुठं तुटली ते सापडलं. माजिवडा आणि त्या माळाच्या मध्ये तारेचं टोक जमिनीवर पडलं होतं. त्याचा एकही शब्द ठाण्याला पोचणं शक्य नव्हतं. आणि घोडबंदराच्या टोकाला त्या रात्री टेबलावर माणूसच नव्हता. तोही साथीत आडवा.

आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. दारात पोचायच्या आतच आतून रडणं ऐकू आलं. क्लेमेंटिना गेली होती. अडीचला, बिट्रिस म्हणाली. पाणी मागत मागत गेली. कळशी ओटीवर भरलेली होती, पोरीनं तिला हात लावला नव्हता. भावाचा शब्द पाळला होता तिनं. झेवियर तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला.

मग बिट्रिस म्हणाली, “शेवटी वहिनीचं काहीतरी वेगळंच चाललं. बोलणं बंद झालं नि भिंतीवर बोट आपटायला लागली. लांब, आखूड, लांब. तुमच्या ऑफिसासारखं. मला वाटलं, तू आलास की विचारीन, म्हणून मी कोळशानं काढून ठेवलं.”

क्लेमेंटिनाला अक्षर येत नव्हतं. लग्नाच्या वहीत तिनं अंगठा दिलेला मी पाहिलाय, मी साक्षीदार होतो. तारेची भाषा तिनं शिकणं तर दूरच.

खाटेच्या वर, चुन्याच्या भिंतीवर, कोळशाचे ठिपके आणि रेघा होत्या. पोरीच्या हाताच्या, वाकड्यातिकड्या. प्रत्येक दुसऱ्या अक्षरानंतर जागा सोडलेली. बिट्रिसला जितकं थांबणं ऐकू आलं तितकी तिनं सोडली होती.

झेवियरनं वाचलं आणि खाली बसला. मग मी कंदील वर धरला.

शब्द एकच होता. चार वेळा.

‘खारं.’