साडेतीनशे वॅट

वेणीमाधवकाकांचा स्वभावच संशयी. मंडईतून आणलेली भाजी घरच्या काट्यावर पुन्हा तोलणारा माणूस! पण बायकोच्या श्वासाचाच प्रश्न असला, तर असल्या माणसाचं चुकतं तरी काय?

मालिनीकाकूंची फुप्फुसं थकली होती. देवळाली कॅम्पातल्या घरात त्यांचं ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र घुमायचं. दर शनिवारी दुरुस्तीसाठी नऊ ते पाच वीज जायची, म्हणून काकांनी छतावर सोलर आणि जिन्याखाली बॅटरी बसवून घेतली. मूळच्या कळवणच्या, आता कॅम्पातच काम करणाऱ्या वायरमन योगेशने विजेच्या पेटीचे दोन भाग केले. डावीकडे गीझर, मिक्सर, एसी. ते फक्त लाइनवर. उजवीकडे मशीन, फ्रिज, दिवे आणि पंखे. लाइन गेली की बॅटरी फक्त उजवीकडच्यांना पोसणार. मशीन साडेतीनशे वॅट खायचं. पाचपर्यंत आरामात निभायचं.

त्या शनिवारी आभाळ गच्च होतं, छतावरून वीज नावालाच येत होती. काकांनी फ्रिज, दिवे, पंखे सगळं बंद ठेवलं. तरी मोबाइलवर बॅटरीतून जाणाऱ्या विजेचा आकडा सातशेचा!

"कोण मेला चोरतोय?" काका तणतणत वर गेले. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या लंकाबाईंवर त्यांचा पहिल्यापासून संशय होता. पण दाराला कुलूप. बाई सोमवारीच कांदा विकायला सटाण्याला गेलेल्या. काकांनी गच्ची पालथी घातली, पाइपांच्या मागे हात घालून पाहिलं. कुठे तार नाही.

एक वाजता बॅटरी तीस टक्क्यांवर आली. एकट्या मशीनला ती पाचपर्यंत कशीबशी पुरली असती. या वेगाने तीनच्या आत संपणार होती. काकांनी योगेशला बोलावून घेतलं.

योगेशने बॅटरीच्या तारेला मीटर लावलं. "काका, सगळी बटणं पाडू. दोन मिनिटं. काकूंना चालंल ना?"

काकूंनी मान डोलावली.

मशीन थांबलं. लांब तोफांचा सराव चालला होता, खिडकीची काच थरथरली. काकू पलंगाची कड धरून धापा टाकू लागल्या.

मीटरवर आकडा होता साडेतीनशे.

"सगळं बंद हाय, मग हे जातंय कुठं?" योगेशने उजवीकडच्या चारही तारा उपसल्या.

साडेतीनशे.

आणि खोलीतून घुमण्याचा आवाज येत होता. मशीनचाच. मशीन तर बंद होतं.

योगेशने घाईघाईने तारा परत जोडल्या. "मला नाय समजत हे, काका." चप्पल अर्धवट पायात घालून तो निघून गेला.

काकांनी बटणं वर केली. मशीन सुरू झालं, काकूंच्या ओठांवर रंग आला, तेव्हा कुठे काकांच्या जिवात जीव आला.

"अहो, चोरबीर कुणी नाही," काकू म्हणाल्या. त्या काकांकडे बघतच नव्हत्या. पलंगाच्या भिंतीकडच्या रिकाम्या बाजूला बघत होत्या. "बॅटरी पाचपर्यंत एकीलाच पुरेल ना?"

"एकीला म्हणजे?"

काकूंनी नाकातली नळी काढली आणि मशीनचं बटण स्वतःच बंद केलं. काका झेपावले. काकूंनी त्यांचं मनगट धरलं. ते सुटेना.

"इतके शनिवार ती माझ्यासाठी श्वास रोखून थांबली," काकू शांतपणे म्हणाल्या. "आज तिला घेऊ द्या."