लाल बटणाचं वाक्य

अण्णांची वाचा गेली तेव्हा त्यांच्या धाकट्या मुलाने मोठ्या हुशारीने तोड काढली. संगणकात एक छोटी स्क्रिप्ट लिहून त्याने अण्णांच्या कीबोर्डची तीनच बटणं चालू ठेवली आणि त्यांवर रंगीत कागद चिकटवले. हिरवं दाबलं की 'बरं वाटतंय', पिवळं दाबलं की 'तहान लागली', लाल दाबलं की 'दुखतंय'. वाक्य त्याच्या पडद्यावर उमटायचं आणि परगावच्या ताईच्या फोनवरही. अण्णांचं एक बोट तेवढं हलत होतं, पण त्यावर घराचं भागत होतं.

अण्णा मात्र उठसूट लाल दाबायचे. धाकटा औषध द्यायचा, कूस बदलायचा, पाय चेपायचा. कामाला येऊन बसतो न बसतो तोच पुन्हा 'दुखतंय'. वर ताईचा फोन असायचाच.

"घरात बसून तू करतोस तरी काय रे?"

त्या दिवशी सकाळी साहेबांबरोबर महत्त्वाची ऑनलाइन मीटिंग होती. धाकट्याने स्क्रिप्टमधली एक ओळ बदलली. लालवरही 'बरं वाटतंय'. मीटिंग संपेपर्यंतच, असं मनाला बजावून त्याने अण्णांच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

साहेब बोलत होते आणि पडद्याच्या कोपऱ्यात वाक्य उमटत होतं. बरं वाटतंय. बरं वाटतंय. बरं वाटतंय. मध्येच ताईचा निरोप आला.

"गुणाचा आहेस रे बाबा! उगाच टाकून बोलले तुला."

ते वाचून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या बापाचं दुखणं आपण खोडून टाकलं, या विचाराने कानशिलं तापली. साहेबांना तसंच बोलत सोडून त्याने स्क्रिप्ट बंद केली. मग पुसूनच टाकली.

वाक्य उमटतच राहिलं.

तो धावत आत गेला. अण्णांचे डोळे दाराकडे लागले होते आणि बोट लाल बटणावर होतं. बोट गार पडलं होतं.

"चुकलो हो अण्णा," म्हणत त्याने ते उचलून चादरीवर ठेवलं. कीबोर्डची वायर उपटली. बाहेरच्या खोलीत संगणक वाजला. बरं वाटतंय.

आता ताईला सगळं खरं सांगायला हवं होतं. बाहेर येऊन त्याने आपल्या कीबोर्डवर टाइप केलं, 'ताई, अण्णा गेले'. पडद्यावर आलं, 'बरं वाटतंय'. खोडून पुन्हा टाइप केलं. तेच. खिशातला फोन काढला. त्यात स्क्रिप्टबिप्ट काही नव्हतं.

तरी तेच.

शेवटी त्याने फोन लावला.

"ताई, मी लाल बटण बदललं गं," तो रडत म्हणाला. "अण्णा गेले."

पलीकडे हुंदका, आणि त्यातच हसू.

"अण्णा! अहो, तुम्ही बोललात! किती दिवसांनी तुमचा आवाज ऐकला! पुन्हा म्हणा ना, बरं वाटतंय म्हणून."

धाकट्याने मोकळ्या हाताने तोंड घट्ट दाबून धरलं.

"हं," ताई म्हणाली, "ऐकतेय अण्णा. बोला."