कोठीमागची धूळ

माझा धाकटा भाऊ अनिल कुवेतला निघाला तेव्हा आईची समजूत काढायला मी शाळेतला पृथ्वीगोल घरी आणला होता. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरलं, दुसरं कुवेतवर. पावणेतीन हजार किलोमीटर, विमानाला फार तर चार-साडेचार तास. आपल्या पांढुर्ण्याहून नागपूरला जाऊन बाजार करून यायला याहून जास्त वेळ लागतो, असं मी आईला सांगितलं.

आईला किलोमीटरशी देणंघेणं नव्हतं. माणूस गावाला गेलं की पोचल्याचा निरोप येईपर्यंत आमच्या घरात केर काढत नाहीत. काढला तर त्याची परतायची वाट पुसली जाते म्हणे. त्यामुळे संत्र्याच्या साली, वेचणीहून पदरात आलेला कापूस, सगळं पायाखाली. मी भूगोल शिकवणारी बाई, माझा जीव नुसता वैतागून गेला होता.

आठवड्याच्या आत फोन आला. आमच्या गल्लीत फोन एकच, समोरच्या रघुनाथरावांकडे, संत्र्याच्या व्यापारासाठी घेतलेला. अनिल आईशी बोलला. पोचलो, काम चांगलं आहे, काळजी नको. आईनं शेजारी साखर वाटली आणि सगळं घर झाडून केर बाहेर टाकला.

पुढचा फोन भर दुपारी आला. आई शेतात होती, मी गेले. तारेत पिठाची गिरणी चालावी तशी घरघर होती.

"ताई, मी अजून विमानातच आहो. उतरूच देऊन नाही राहिले. कधीबी इचारा, चार घंटे बाकी म्हणतात. दारबी उघडत नाही."

विमानातून फोन कसा करतोस, आणि पोचल्याचा फोन तर आला, असं मी विचारलं. 

"मी नाही केला. आईनं घर झाडलं का?"

 नाही, असं मी खोटंच सांगितलं.

"झाडू देजो नको. खाली तेवढीच वाट दिसून राहिली."

फोन कटला. मी धावत घरी आले. धान्याची लोखंडी कोठी आम्हा दोघींना हलत नसे, तिच्यामागं आईचा झाडू पोचला नव्हता. तिथं मूठभर धूळ होती. त्यानंतर त्या कोपऱ्याला मी कुणाला हात लावू दिला नाही. का ते आईला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

दोन वर्षांनी अनिल सुट्टीवर आला. टेपरेकॉर्डर, आईला साडी, कपाळावर पोळ्यानंतरच्या गोटमारीत, गावच्या दगडफेकीच्या खेळात, लागलेल्या दगडाची खूण जागच्या जागी. आई त्याच्या तोंडावरून हात फिरवून रडली. मला हायसं वाटलं, खरंच वाटलं.

दुपारी आई देवळात गेली. आम्ही दोघं चहा पीत होतो. समोर फोन वाजला. रघुनाथराव नुकतेच बागेतून परतले होते, अनिल आल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ओसरीवरून हाक मारली.

"नलिनी, अनिलचा फोन हाये."

मी उठले.

अनिलनं कप खाली ठेवला. दार लावून कडी घातली.

"बस ना, ताई."

तो दाराला पाठ लावून उभा होता. मी बसले.

त्यानं झाडू घेतला. तो गेल्यावर झाडूची जागा बदलली होती, तरी कुठं असतो ते विचारलं नाही. एका हातानं कोठी सरकवली.

मागची मूठभर धूळ उघडी पडली. 

खर्र, खर्र. मग झाडू थांबला.

बाहेरून रघुनाथराव म्हणाले, "राहू दे नलिनी, कटला."