जमालचाचांनी खाली वाकून पाहिलं

जमालुद्दीनचाचांबद्दल विचारलंत, म्हणून सांगते. एरवी हे मी कुणाला सांगत नाही.

मी नाशिकची ज्ञानदा, दम्मामच्या एका कंपनीत इंजिनीअर. त्या दिवशी वाळवंटातल्या हफ्र अल बातिनच्या साइटवर एक व्हॉल्व्ह पोचवायचा होता, बस्स. गाडीवर जमालचाचा होते. दाभोळचे, साठीला आलेले. ड्रायव्हर व्हायच्या आधी वीस वर्षं त्यांनी गॅरेजात काढलेली. काम उरकून आम्ही दुपारी परत निघालो.

दम्माम दोन तासांवर असताना समोरचं आकाश विटकरी झालं. धुळीचं वादळ. बघता बघता दिवसाढवळ्या अंधारून आलं, आणि त्याच वेळी आमच्या जुन्या पिकअपनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली. चाचांनी ती कशीबशी रस्त्याच्या खाली घेतली. मोबाइलला रेंज नव्हती.

चाचांनी किल्ली फिरवली. स्टार्टर खरखरला, इंजिन पेटेना.

"बॅटरी चांगली हाय. पेट्रोल पोचत नाय," चाचा म्हणाले.

काटा पाऊण टाकी दाखवत होता. एसी बंद पडला तशी गाडी भट्टीसारखी तापू लागली. काच खाली करावी तर धूळ आत, आणि मला दमा. इनहेलरमध्ये दोन-तीन फवारेच उरले होते. माझ्या छातीतली शीळ चाचांना ऐकू गेली असावी. त्यांनी आपला रुमाल पाण्यात भिजवून माझ्या हातात दिला.

"तोंडावर धरा. आता किल्ली नुसती ऑन करा, फिरवू नका. टाकीतला पंप गुणगुणतो का ऐकू."

आम्ही कान दिला. बाहेर वाऱ्याचं घोंघावणं, पत्र्यावर वाळूची सरसर... पंपाचा आवाज नाही.

चाचा डोक्याला मुंडासं गुंडाळून बाहेर गेले. बोनेट उघडलं, फ्यूज काढून पाहिला, शाबूत होता. हॉर्नचा रिले, म्हणजे वीज जोडणारा छोटा स्विच, काढून पंपाच्या रिलेच्या जागी बसवला. पुन्हा ऐकलं. शांत. त्या धुळीत, डोळे किलकिले करून, ते एकेक शक्यता अशी बाजूला ठेवत होते की माझी पदवी मला थिटी वाटली. त्यांची एकही हालचाल वाया जात नव्हती.

ते खिडकीशी आले. "पंप अडकलाय. खालून टाकी ठोकली की कधीकधी सुटतो. मी ठोकीन, तुम्ही तेव्हाच किल्ली फिरवा. आधी बोनेट लावून येतो."

ते धुळीत दिसेनासे झाले. मी किल्लीवर हात ठेवून बसले. थोड्या वेळानं मागून, अगदी खालून आवाज आला. ठक... ठक... ठक...

मी किल्ली फिरवली. इंजिन पेटलं! आनंदानं मला रडूच आलं.

तेवढ्यात दार उघडून चाचा आत आले. "कशी काय चालू झाली, ताई?"

"तुम्हीच ठोकलंत ना?"

"मी बोनेटपाशी होतो. पाना घ्यायला आलो."

पाना माझ्या शेजारच्या सीटवर पडला होता.

मागून, अगदी खालून पुन्हा आवाज आला. ठक... ठक...

"चाचा, चला... गाडी काढा..."

त्यांचे ओठ पांढरे पडले होते. तरी त्यांनी गिअर टाकला नाही.

"कोण माणूस असंल तर चाकाखाली येईल, ताई."

आणि ते पुन्हा बाहेर पडले. मी आरशात पाहत होते. टॉर्चचा पिवळा ठिपका मागं गेला, जमिनीलगत आला, थांबला. ठकठक बंद झाली. किती वेळ तो ठिपका तसाच होता, मला सांगता येणार नाही. वादळात गुडघे टेकून, ज्याची भीती वाटत होती त्याच्यासाठी वाकलेला तो म्हातारा माणूस... त्याच्याइतकं धाडस मी आजवर कुणात पाहिलेलं नाही.

ते परत आले. "कोण नाय," एवढंच म्हणाले. ओठांत दुवा पुटपुटत त्यांनी गाडी काढली. दम्माम येईपर्यंत त्यांनी इंजिन एकदाही बंद केलं नाही. आधी मला दवाखान्यात उतरवलं, मग गाडी गॅरेजात नेली. तिथं बंद केली, ती पुन्हा चालू झालीच नाही.

चार दिवसांनी गॅरेजातल्या हाशिरनं मला बोलावून घेतलं. टाकी उतरवून ठेवली होती. शेजारी पंप पडला होता, मोटर जळून काळी झालेली.

"मॅडम, ये तो पूरा जाम है," तो म्हणाला. "इसपे गाडी दो घंटा चलीच नहीं सकती."

मग त्यानं टाकी पालथी केली. लोखंडी तळावर बोटांच्या पेरांएवढ्या सात-आठ खुणा होत्या, एका ओळीत.

"ठोकल्याचे पोचे असतील," मी म्हटलं.

त्यानं माझा हात धरून त्या खुणांवर ठेवला.

ते पोचे नव्हते. उंचवटे होते. आतून बाहेर आलेले.